रायरांचं नाक

रायरांनी माझ्यादेखत पहिली थोबाडीत मारली ती बर्फावरून. चेन्नईत टी. नगरच्या त्या हॉटेलात मी पहिल्यांदाच गेले होते. हातात आमच्या वायनरीच्या चार बाटल्या, अंगावर कडक इस्त्रीची साडी. बारमागे उभ्या असलेल्या सेल्वम नावाच्या वाढप्यानं कुणा पाहुण्याच्या वाइनच्या ग्लासात चिमट्यानं बर्फाचे खडे टाकले आणि पुढच्या क्षणी त्याच्या गालाचा असा आवाज निघाला की माझ्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मारणाऱ्या गृहस्थानं माझं कार्ड हातात घेतलं, आडनाव वाचलं आणि तंजावरी मराठीत मला समजावलं, "बाटलीला बर्फांत बसवायचं, बाई. बर्फाला ग्लासांत बसवायचं नाहीं. तोंडानं सांगटलों तर ह्यांना कळत नाहीं, हातानं सांगायला पडतं." मी म्हटलं, "नमस्कार." दुसरं काय म्हणणार?

रायर म्हणजे त्या हॉटेलच्या रेस्टॉरंटचे कॅप्टन, सगळ्या वाढप्यांचे प्रमुख. खरं नाव कुठलंसं राव. पण तमिळ लोक अशा रावांना रायर म्हणतात, आणि घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तंजावरात काढल्यावर त्यांनाही ते आपलंच वाटत होतं. ‘सगळं’ म्हणायचं तर ते ‘अस्की’ म्हणत, आणि चिडले की मराठी सोडून तमिळमध्ये शिरत. बुटका, रुंद माणूस, मान जवळजवळ नाहीच, आणि चेहऱ्याला न शोभणारं भलंमोठं नाक. राग तर त्या नाकावर कायमचा मुक्कामाला असायचा. बायको फार पूर्वी माहेरी निघून गेली होती. का गेली, ते विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

मी नाशिककडची. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात लागला म्हणून चेन्नईत आले आणि आमच्याकडच्याच एका वायनरीची इथली प्रतिनिधी झाले. नवरा कंपनीच्या बसनं निघून गेला की मी बाटल्या घेऊन हॉटेलं पालथी घालायची. बाकी ठिकाणी मला चहा मिळायचा आणि आश्वासनं मिळायची. रायरांकडे मात्र दुपारी तीनला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, मागच्या पँट्रीत खरं काम व्हायचं. स्वयंपाकघरातून वाट्या यायच्या, त्यात रस्सम, चिंचेचा भात, मिरीचं मटण, ताकाची आमटी म्हणजे मोरकुळंबू. रायर ग्लास फिरवायचे, नाक आत घालायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ तो माणूस देवळात उभा असल्यासारखा शांत दिसे. मग एक घोट तोंडात खेळवून सिंकमध्ये थुंकायचे आणि फैसला द्यायचे.

आमच्या मुख्य कचेरीनं एक पत्रक छापलं होतं, कुठल्या वाइनबरोबर काय खावं याचं. त्यात लिहिलं होतं, शिराझबरोबर मसालेदार मटण. मी ते भाबडेपणानं वाचून दाखवलं. रायरांनी मिरीच्या मटणाची भरलेली ताटली उचलली आणि माझ्या डोक्यावरून भिंतीवर फेकली. चिनी मातीचा एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला, रस्सा खांद्यावर पडला. "तुरट लाल वाइन आणि इतकी मिरी! जीभ जळेल लोकांची. तुमच्या मालकाला माणसं जेवायला घालायचीं कीं मारायचीं?" पण माझी जीभ काही केल्या गप्प बसेना. म्हटलं, "आता भिंतीलाच विचारा रायर, शिराझ जमते का." ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. नंतर स्वतः फडकं घेऊन भिंत पुसली.

त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते मी आजही विकते. तिखटाला रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, चांगली गार केलेली. चिंचेच्या भाताला शेनिन, ही पांढरी, कारण "आंबटाला आंबटच साजतं, नुसतं गोड दिलं तर दोघं भांडतात." शिराझ द्यायची ती नारळाच्या दुधात शिजवलेल्या, मिरी बेतानं घातलेल्या मटणाला. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून केलेली त्यांच्या घरची डांगर पच्चडीही त्यांनी शेनिनबरोबर खाऊ घातली, आणि मला माझ्या आईचं डांगर आठवलं. मी रायरांना घाबरत असे आणि मला ते फार आवडत. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्याचं मला तेव्हा काही वावगंही वाटत नव्हतं, कारण मार मला पडत नव्हता.

मार पडायचा सेल्वमला. सेल्वम कुंभकोणमकडचा, तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. ग्लासावर बोटाचा ठसा राहिला म्हणून, रोझे कोमट निघाली म्हणून, एकदा तर पाहुण्यांसमोर बूच तुटलं म्हणून त्याला मी रायरांच्या हातचा मार खाताना पाहिलं. एका उन्हाळ्यात आमचे खोके मागच्या दारी उन्हात राहिले. रायरांनी एक बाटली उघडली, हुंगली, म्हणाले, "शिजली. मनुका उकडल्याचा वास येतो." खोके उतरवणाऱ्या ड्रायव्हरची मानगूट धरून त्यांनी ती अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर ओतली. ड्रायव्हर फिरून अंगावर आला, दोघं मागच्या गल्लीत लोळले, आणि रायर फाटक्या ओठानं परत आले ते समाधानानं. सेल्वमनं त्यांना पाणी दिलं, तर पाणी गार नाही म्हणून त्यालाच एक बसली.

मी एकदा विचारलं, "रायर, न मारता चालत नाही का?"

"माझा बाप आचारी. सांबार बिघडलं तर पळीनं मारायचा, तापलेल्या. हें बघ." त्यांनी दंडावरचा डाग दाखवला. "म्हणून माझी जीभ तयार झाली. माराशिवाय कोणाची जीभ तयार होत नाहीं, बाई."

त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. आणि त्यांच्या हाताखाली सेल्वम तयार होत होता हे मलाही दिसत होतं.

मग एका दुपारी सेल्वमच्या धाकटीला ताप होता आणि तो उशिरा आला. रायरांनी कारण विचारलंच नाही. पहिली थोबाडीत, दुसरी, आणि तिसऱ्या वेळी शर्टाला धरून त्याचं डोकं फळीवर आपटलं. सेल्वमच्या हाताशी आमच्या शिराझची भरलेली बाटली होती. त्यानं ती उचलली आणि रायरांच्या कपाळावर घातली. बाटली फुटली नाही, हे मला अजून विचित्र वाटतं. रायर सरळ मागे गेले आणि डोक्याची मागची बाजू ग्रॅनाइटच्या ओट्यावर आदळली. तो आवाज मी विसरू शकत नाही. पांढऱ्या फरशीवर रक्त पसरत गेलं आणि सेल्वम ती बाटली छातीशी धरून खाली बसला.

दवाखान्यात पोलीस आले. डोक्याला टाके पडलेल्या रायरांनी सांगितलं, फरशी ओली होती, पाय घसरला. पोलीस गेल्यावर मी त्यांना विचारलं, खोटं का सांगितलंत. ते म्हणाले, "मी रोज मारतों, मला कोणी जेलांत घालत नाहीं. त्याला कसाला घालायचं?"

ते कामावर परतले. ग्लास तसाच फिरवायचे, डोळे तसेच मिटायचे. पण काही तरी बिनसलं होतं. फिल्टर कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी आहे म्हणून त्यांनी पेला सिंकमध्ये भिरकावला. रस्समात हिंग नाही म्हणून आचाऱ्याला ढकललं, आणि मला तर हिंगाचा वास दारातूनच येत होता. त्यांचं मारणंही आता वेगळं झालं होतं. पूर्वी कारणासाठी हात उठायचा. आता हात आधी उठायचा आणि कारण मागून शोधलं जायचं. सेल्वम खाली मान घालून सोसत होता. तो धास्तावला आहे असं मला वाटत होतं. तसं नव्हतं, तो बारकाईनं पाहत होता.

त्या मे महिन्यात आमचे मालक नाशिकहून आले. हॉटेलनं निवडक पाहुण्यांसाठी जेवण ठरवलं होतं, तंजावरी पदार्थ आणि आमच्या वाइन्स, सगळी जोडणी रायरांची. ते साधलं तर हॉटेलच्या दुसऱ्या शाखांतही आमच्या बाटल्या जाणार होत्या आणि सगळीकडच्या जोडण्या रायर ठरवणार होते. आयुष्यभर त्यांना हेच हवं होतं. संध्याकाळी पाहुणे येऊ लागले तेव्हा पँट्रीत आम्ही तिघं होतो. शिराझचे खोके श्रीपेरुंबुदूरच्या गोदामातून दुपारीच आले होते. रायरांनी पहिली बाटली उघडली, ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले.

"बेष. मिरी, जांभूळ. जाऊं दे बाहेर."

मी ग्लास हुंगला. उकडलेल्या मनुका. ही वाइन गोदामाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर शिजली होती, आणि ज्या माणसानं असल्याच वाइनसाठी ड्रायव्हरला गल्लीत लोळवलं होतं तो ती माझ्या मालकांना वाढायला निघाला होता. सेल्वमनं माझ्या हातातून ग्लास घेतला, हुंगला आणि तमिळमध्ये म्हणाला, "वेंडां, सार. नको. ही शिजलीय."

रायरांनी त्याला मारलं. ओठ फुटला, पांढऱ्या शर्टावर थेंब पडले. "माझं नाक खोटं बोलतं?" पुन्हा मारलं.

सेल्वमनं हात वर केला नाही. "मारा, सार. पण तुमचं नाक गेलंय. त्या दिवशी बाटली घालून मीच घालवलं. काल शेनिन म्हणून मी तुम्हाला साखर घातलेलं लिंबाचं पाणी दिलं होतं. तुम्ही म्हणालात, पेरूचा वास छान आलाय."

रायरांचा हात हवेतच राहिला. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं, की त्यांना हे दवाखान्यापासूनच माहीत होतं. इतके दिवस ते आठवणीनं वास सांगत होते, आणि कुणी हटकू नये म्हणून हात उगारत होते. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. ते वळले, खोक्यातल्या बाटल्या माना धरून काढल्या आणि सिंकच्या काठावर एकेक फोडू लागले. काचा उडत होत्या. आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. तळहात चिरला तरी थांबले नाहीत, आणि सिंकमधलं लाल वाइनचं किती आणि त्यांचं किती ते कळेना.

आवाज ऐकून मालक दारात आले. "अहो, हे काय चाललंय? माझी वाइन आहे ती!"

"तुमची शिराझ मेली, मालक," रायर म्हणाले. "मढं वाढायचं नसतं पाहुण्यांना." मग सेल्वमकडे न बघता त्यांनी विचारलं, "मटणाला काय देशील?"

"त्यात मिरी कमी आहे, सार. तरी रोझेच देतो. जास्त गार करून."

"सेरी. दे."

सुजलेल्या ओठानं सेल्वमनं पाहुण्यांना रोझे वाढली, आणि हाताला फडकं गुंडाळून रायर पँट्रीत स्टुलावर बसून राहिले. जेवण चांगलं झालं. जाताना मालकांनी अभिनंदन केलं ते सेल्वमचं. रायरांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि तंजावरला बहिणीकडे गेले. निरोपाला कुणी थांबलं नाही. खरं सांगायचं तर पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

गेल्या पोंगलनंतर मी त्यांना भेटायला गेले. वाळले होते. तळहातावरची जखम वेडीवाकडी भरली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. मी आमच्या नव्या शेनिनची बाटली नेली होती. त्यांनी ग्लास घेतला, सवयीनं नाकाकडे नेला आणि मग माझ्या हातात दिला. "तूं सांग."

मी डोळे मिटले. "पेरू. खरा पेरू, रायर. मागून थोडा मध, आणि ओल्या गवताचा वास."

"मग कच्चा आंबा घालून डांगर पच्चडी कर. आंबा कोवळा घे." ते खूश झाले. बहिणीनं केळीच्या पानावर भात वाढला, तो ते चवीवाचून, शिस्तीनं जेवले. जेवता जेवता म्हणाले, "सेल्वम आतां कॅप्टन झाला म्हणे. मारतो काय?"

"नाही. कधीच नाही."

"मग पोरं शिकतात कशीं?"

"शिकतात. परवा एकानं रोझेत बर्फ टाकला. सेल्वमनं तो ग्लास बाजूला ठेवला, दुसरा भरला आणि दोन्ही त्यालाच प्यायला लावले. तो आता बर्फाच्या वाटेला जात नाही."

न मिटणाऱ्या हातानं रायरांनी भाताची शितं एका बाजूला ओढली. "म्हणजे मी अस्की उगाच मारलं काय, बाई?"

बापानं पळीनं दिलेला तो त्यांच्या दंडावरचा डाग मला दिसत होता. खोटं बोलणं सोपं होतं, आणि पूर्वी मी बोललेही असते. पण वासाबाबत त्यांनी आत्ताच माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

"हो, रायर," मी म्हटलं. "उगाच."

त्यांनी मान हलवली आणि बहिणीला हाक मारून मला ताक वाढायला सांगितलं.