लिफ्टच्या आधीच्या चार पायऱ्या

"पायऱ्या किती?"

जेवायला बोलावणाऱ्या माणसाला कोणी असा प्रश्न विचारतं का? ते विचारायचे. गणपतीची आरती असो की कोणाच्या मुलीचा वाढदिवस, फोनवर आमंत्रण नीट ऐकून घ्यायचे, आनंद झाला म्हणायचे आणि मग हे. बोलावणारा जरा ठसक्यातच सांगायचा, "अहो, पायऱ्या कसल्या? आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टच्या आधी," ते शांतपणे म्हणायचे.

मग तो गृहस्थ चपला अडकवून खाली जायचा आणि सहा वर्षं ज्या इमारतीतून आपण ये-जा करतो तिच्या दारातच पाच पायऱ्या आहेत, हे त्याला पहिल्यांदा कळायचं. तुम्ही कुवेतमध्ये राहिला असाल तर आठवून पाहा. रस्त्यावरून चार-पाच पायऱ्या चढायच्या, काचेचं दार ढकलायचं आणि मग लिफ्ट. आपल्या पायांना त्या पायऱ्या लागतही नाहीत, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत.

ते मूळचे नाशिकचे. अहमदीच्या आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांत जोर नव्हता. कॅलिपर चढवून, कुबड्या घेऊन चार पावलं टाकायचे, बाकी सारा कारभार व्हीलचेअरवर. कमरेच्या वर मात्र माणूस भक्कम. एकदा नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने मदत म्हणून न विचारताच त्यांची खुर्ची ढकलायला घेतली. यांनी ब्रेक लावला आणि मागे न बघता म्हणाले, "गाडीला ड्रायव्हर आहे." तो बिचारा आठवडाभर त्यांच्यासमोर आला नाही. शेवटी यांनीच त्याला बोलावून वहिनींनी केलेला चिवडा खाऊ घातला.

ड्रॉइंग ऑफिसची एक रीत होती. ड्राफ्ट्समन ड्रॉइंग काढणार, इंजिनिअर लाल पेन्सिलने त्यावर खुणा करणार, ड्राफ्ट्समन खुणांप्रमाणे दुरुस्त करणार. हे चूक, ते बरोबर असं त्याने बोलायचं नाही. ही रीत ते अगदी कसोशीने पाळत. त्यांच्या निम्म्या वयाच्या पोरांच्या लाल रेघाही ते मुकाट्याने उतरवून घेत.

मी पर्सोनेल खात्यात होतो. आखाती युद्धानंतर कंपनी पुन्हा उभी राहिली तेव्हा आम्ही फहाहीलला काही इमारती भाड्याने घेऊन लोकांना त्यात फ्लॅट दिले होते. यांना तळमजला मिळाला होता, रस्त्याच्या पातळीवरचा. दहा वर्षं नवराबायको तिथे सुखाने राहिली. वहिनींनी दारात कुंडीत कढीपत्ता लावला होता आणि त्या वाळवंटात तो कसा कोण जाणे, जगलाही होता.

दोन हजार सालानंतर केव्हातरी कंपनीने ठरवलं की आता इमारती सोडायच्या. प्रत्येकाला हुद्द्याप्रमाणे घरभत्ता मिळेल, दोन महिन्यांत ज्याने त्याने आपलं घर शोधावं. ते परिपत्रक मी लिहिलं. त्यात एक तक्ता होता, एका रकान्यात हुद्दा आणि दुसऱ्यात कुटुंब बरोबर आहे की नाही ते. मला तो तक्ता फार न्याय्य वाटला होता, खोटं कशाला सांगू? आमची तरुण मंडळी तर खूष झाली. कोणाला सालमियात समुद्र दिसायला हवा होता, कोणाला मुलांच्या शाळेजवळ घर.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. परिपत्रक मांडीवर होतं.

"तक्ता छान आखलाय," ते म्हणाले. "यात तळमजला कुठे बसतो?"

तो बसत नव्हता. नव्या इमारतींत तळमजल्यावर पार्किंग असतं, जुन्यांत मालक स्वतः राहतो. उरलेसुरले जे फ्लॅट असतात ते ड्राफ्ट्समनच्या भत्त्याच्या बाहेरचे. घर मिळालं नाही तर वहिनींना नाशिकला पाठवायचं आणि यांनी बॅचलर कॅम्पमध्ये राहायचं. तिथल्या प्रत्येक केबिनला तीन लोखंडी पायऱ्या, न्हाणीघर सामाईक. म्हणजे नोकरी सोडायची, हाच त्याचा सरळ अर्थ. त्यांची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती.

मी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर म्हणाले, एकाला दिलं की उद्या रक्तदाबवालेही येतील, गुडघेदुखीवालेही येतील. फार तर अर्ज आणा, बघू. मी लगेच अर्ज लिहून यांच्यापुढे ठेवला. "अपंगत्वामुळे येणारी अडचण लक्षात घेऊन" अशी माझी सुरुवात होती. त्यांनी तो वाचला आणि सही न करता परत दिला.

"अहो, मला अडचण कुठे आहे? अडचण जिन्याला आहे. कागदावर एकदा माझ्या नावापुढे अडचण लिहिलीत की पुढच्या वेळी अकाम्याचा परवाना नवा करताना तेवढीच वाचतील."

मला राग आला. एवढा कसला ताठा, असं वाटलं. पण दर शुक्रवारी मी त्यांना गाडीत घालून घरं बघायला निघायचो. मंगफ, अबू हलिफा, फहाहील. इमारतीच्या दारातला हारिस, म्हणजे रखवालदार, लांबूनच हात हलवायचा, "असन्सेर मौजूद, सदीक." लिफ्ट आहे, दोस्ता. हे गाडीच्या खिडकीतून विचारायचे, "कब्ल असन्सेर कम दरज?" लिफ्टच्या आधी पायऱ्या किती? हारिस मागे वळून पाहायचा, हसायचा आणि बोटं दाखवायचा. चार. सहा. एकदा तर अकरा. हे वहीत लिहायचे. "चला, पुढची," म्हणायचे. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला नाही. माझाच पडायचा.

पाच आठवडे असे गेले आणि मंगफमध्ये एक घर जमलं. भाडं भत्त्यात बसत होतं, लिफ्ट मोठी होती, बाहेर पायऱ्या चारच. मालक जुन्या पिढीतला, मोडकं हिंदी बोलणारा. त्याने उतार बांधायला परवानगी दिली.

बस्स. आमची पुण्या-नाशिकची इंजिनिअर मंडळी सरसावून उठली. रिफायनऱ्या उभारणारी माणसं आम्ही, चार पायऱ्यांचा उतार तो काय? शुक्रवारी सकाळी दोन गाड्या भरून सगळे मापं घ्यायला गेले. वहिनींच्या घरी पोहे खात बैठक झाली. यांनी ड्रॉइंग काढून ठेवलं होतं. त्यावर लाल पेन्सिली चालल्या. एकाने जाडी वाढवली, दुसऱ्याने कठडा बदलला. यांच्या ड्रॉइंगमध्ये उतार भिंतीलगत अर्ध्यावर वळत होता. तो सरळ असेल तर ऐटदार दिसेल, असं मी म्हणालो. मी पर्सोनेलचा माणूस, मला उतारातलं काय कळतं? पण सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी लाल रेघेप्रमाणे दुरुस्ती केली आणि वहिनींना आणखी पोहे वाढायला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी काम सुरू केलं आणि संध्याकाळी उतार तयार होता. चोवीस फूट, सरळ, देखणा. आम्ही नारळ फोडायच्या बेतात होतो तेवढ्यात मालकाची गाडी आली. ती जिथे रोज उभी राहते तिथे आमच्या उताराचं टोक आलं होतं. मालक दर शुक्रवारी सकाळी शेतावर जायचा आणि आम्ही मापं शुक्रवारी सकाळीच घेतली होती. एवढे शहाणे जमलो होतो, पण मोकळी जागा मोकळी का आहे, हे कोणी विचारलं नाही.

मालक खाली उतरला. उताराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "ये मेरे गाडी का जगह. निकालो," एवढंच बोलून वर गेला. जुना फ्लॅट रिकामा करायला चार दिवस उरले होते.

 तेव्हा यांनी खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. लाल खुणा नसलेली, त्यांच्या पहिल्या ड्रॉइंगची प्रत. भिंतीलगत वळणारा उतार होता आणि समोर, बारीक तुटक रेघेने, मालकाची गाडी आखलेली होती; बैठकीत ती रेघ आम्हा कोणालाच दिसली नव्हती. त्यांनी ती जागा मापं घेण्याआधीच्या सोमवारीच, ऑफिसमधून परतताना बघून ठेवली होती.

"अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"लाल पेन्सिल तुमची होती," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. ऑफिसची रीत सांगावी तसं सांगितलं.

मला एवढी लाज आयुष्यात क्वचित वाटली असेल. तीन दिवसांत ते सगळं तोडून त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बांधलं. मंगळवारी ते त्या उतारावरून वर गेले, वहिनी कढीपत्त्याची कुंडी घेऊन मागून. पुढली सात वर्षं त्यांनी तिथून मजेत नोकरी केली. मुलीचं लग्न झालं, एक नात झाली. मालकाशी दोस्ती जमली ती वेगळीच.

त्यांच्या निवृत्तीच्या आधी घरभत्त्याचं परिपत्रक पुन्हा बदलायचं होतं. या वेळी मी मसुदा मॅनेजरकडे न नेता आधी ड्रॉइंग ऑफिसात नेला. त्यांच्यापुढे ठेवला आणि लाल पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग तक्त्याखाली एक ओळ लिहिली. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याला योग्य घराचं प्रत्यक्ष भाडं मिळेल, अर्जात कारण लिहावं लागणार नाही.

"पण तुम्ही तर जुलैत चाललात," मी म्हणालो.

"ड्रॉइंग काढणारा त्या घरात राहतो का कधी?" ते म्हणाले आणि पेन्सिल परत दिली. मी भांडून ती ओळ मंजूर करून घेतली. भांडण मला जमतं हे तेव्हा कळलं.

दोन वर्षांनी आमचा रायगडकडचा एक वेल्डर, साइटवर अपघातात पाय गेलेला, व्हीलचेअरवर कामावर परत आला. बायकोला घेऊन तो माझ्या टेबलाशी आला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, ही आमच्यासाठी हाय काय?" मी हो म्हणालो. पंधरा दिवसांत त्याला घर मिळालं.

त्या संध्याकाळी मी नाशिकला फोन केला. ते वारले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते, फोन वहिनींनीच घेतला. मी सगळं सांगितलं. त्यांच्या ओळीमुळे एका पोराला घर मिळालं, असं म्हणताना माझा आवाज जरा चढलाच असेल. 

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. आणि मग, "बाथरूमचं दार मोजलंत का?"

मी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गेलो.