तिच्या चालीनं

फिनेलचा वास आला की मला संभाजीनगरच्या दवाखान्यातला तो लांब व्हरांडा आठवतो. लग्नानंतर गंगापूरच्या सासरी ताईला नुसती कळशी उचलली तरी धाप लागायची, आणि सगळे तिला आळशी म्हणायचे. शेवटी मीच तिला बसनं घेऊन आलो. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढल्याचा डॉक्टरांना संशय होता, म्हणून सहा मिनिटं चालवून बघायचं ठरलं. सिस्टरनं ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिच्या बोटाला लावला आणि म्हणाली, "घाई नको ताई. तुमच्या चालीनं चाला, दम लागला तर थांबा." ताई पदर खोचून निघाली. खिडक्यांतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यांमधून ती येत-जात राहिली आणि हळूहळू तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मी म्हणालो, "बास कर ना आता." तिनं हातानंच मला गप्प केलं. ती खुर्चीत टेकल्यावर चिमट्यावरचा आकडा बघून सिस्टर म्हणाली, "एवढ्या त्रासात तुम्ही घरचं सगळं काम करत होतात?" ताईनं आधी दम खाल्ला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ऐकलंस ना? सांग तिकडं सगळ्यांना. मी आळशी नव्हते रे." आणि ती हसली, लग्नाआधी दौलताबादला शेतात हसायची तशी. पुढच्या तपासण्यांत आजार पक्का झाला, औषधं सुरू झाली, आणि नंतरची काही वर्षं ती आमच्याकडंच राहिली. तिला जाऊन आता बराच काळ लोटला. तरी संध्याकाळी फिरायला निघालो की माझे पाय आपोआप हळू पडतात. बायको पुढं जाऊन विचारते, "दमलात काय?" मी नाय म्हणतो, आणि तसाच हळू चालत राहतो.