वार्षिक पाठातली मेहरबानी

‘आमचा हा मित्र वार्षिक पाठाच्या वेळी वर्गात उभ्या उभ्या गारठला. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांना धारा लागल्या. शेवटी मीच परीक्षकांना भेटलो, त्याच्या घरची परिस्थिती त्यांच्या कानावर घातली आणि त्या देवमाणसाने मेहरबानी म्हणून त्याला पास केले. पुढे तो उत्तम शिक्षक झाला, याचा मला आनंद आहे.’

आमच्या डी.एड.च्या तुकडीचे स्नेहसंमेलन झाले, त्याच्या स्मरणिकेत माझ्या तेव्हाच्या खोलीमित्राने हे लिहिले आहे. नाव दिलेले नाही, पण तुकडीतल्या प्रत्येकाला ते कळते. संमेलनात दोघातिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘असू द्या गुरुजी, होतं असं’ म्हटले. हे सांत्वन मला नको आहे. उत्तर देतो.

जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मी गप्प उभा राहिलो, हे खरे. डोळ्यांना धारा लागल्या हे खोटे. रडलो असतो तर आज इतकी लाज वाटली नसती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या अध्यापक विद्यालयात आम्ही शिकत होतो. मी तीर्थपुरीच्या बाजूच्या एका खेड्यातला. आमच्या वस्तीतून मास्तर होण्यासाठी बाहेर पडलेला मी पहिला. दोन वर्षांच्या अभ्यासाचा निकाल एका अर्थाने वार्षिक पाठावर लटकलेला असे. सराव शाळेच्या वर्गावर बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसत आणि आम्ही त्यांच्यासमोर शिकवायचे.

या पाठाची एक रीत होती आणि ती सगळे पाळत. आदल्या दिवशी नेमून दिलेल्या वर्गात जायचे आणि मुलांकडून प्रश्नोत्तरे घोटून घ्यायची. कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा, हेही ठरवून द्यायचे. आम्ही त्याला वर्ग ‘मुरवणे’ म्हणत असू. मीही माझा तिसरीचा वर्ग मुरवला होता. माझा विषय होता पाणी. पलीकडची तिसरी खोलीमित्राने मुरवली होती. त्याचा विषय पाळीव प्राणी.

परीक्षक मुरलेले होते. दारातच त्यांनी आम्हा दोघांना थांबवले. “तुम्ही पलीकडच्या वर्गावर जा, आणि हे इकडे येतील. आधी तुमचा पाठ.” एवढेच मला म्हणाले.

पाठाचे शास्त्र असे, की प्रस्तावनेचे प्रश्न विचारत विचारत विषयाचे नाव मुलांच्या तोंडून वदवायचे. मुलांनी तो शब्द उच्चारला, की मगच ‘आज आपण याविषयी शिकू’ असे म्हणायचे. याला हेतुकथन म्हणतात. शिक्षकाने शब्द स्वतः सांगणे म्हणजे पाठ तिथेच पडला, असे आम्हाला बजावलेले होते.

मी विचारले, “तहान लागली की आपण काय पितो?”

सगळा वर्ग एका सुरात, “गाईचं दूध!”

मी हसलो. वाटले, पोरे गोंधळली. “बरं, शेतातल्या पिकाला काय लागतं?”

“बैल!”

मागच्या बाकावर परीक्षकांचे पेन थांबले. तिसरा प्रश्न मी विचारायलाच नको होता, पण पाठासाठी लिहून आणलेल्या टाचणात तोच होता. “विहिरीतून आपण काय काढतो?”

वर्ग क्षणभर थबकला. मग एका पोराने हात वर करून, ठरल्याप्रमाणे, पूर्ण वाक्यात सांगितले, “म्हैस काळ्या रंगाची असते.”

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. तिचा हात पहिल्यापासून वर होता. तिला वाटले असावे, की गुरुजी विसरले. ती उभी राहिली आणि मला सावरून घेण्याच्या सुरात म्हणाली, “गुर्जी, आता कुत्र्याचं इचारा ना. मला येतंय.”

तिथे माझे शब्द संपले. त्या मुलांचे काहीच चुकले नव्हते. त्यांच्याकडून जे घोटून घेतले होते, तेच त्यांनी इमानाने परत दिले होते. शिकवणे म्हणजे काय, हे त्यांना आम्हीच असे शिकवले होते, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहून मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. हात खाली घे, असेही मला तिला म्हणता आले नाही. तास संपेपर्यंत तो वरच होता.

परीक्षक उठून जवळ आले. “या मुलांना ही उत्तरे आधी कुणी दिली आहेत का?”

खोलीमित्र व्हरांड्यात उभा होता. त्याचे नाव घेतले असते तर कदाचित मला दुसरी संधी मिळाली असती. मी घेतले नाही. यालाही कोणी मोठेपणा समजू नये. त्याचे नाव घेतल्यावर पलीकडच्या वर्गाबद्दल माझेही नाव आले असते. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि तो मात्र माझ्या फजितीने सावध झाला. माझ्या वर्गात शिरताच तो म्हणाला, “काल काय शिकलात ते विसरा रे, आज गोष्ट सांगतो.” त्याचा पाठ चांगला झाला. हेही मान्य.

तो परीक्षकांच्या खोलीत गेला होता, हे मी पाहिले आहे. आत काय बोलला, मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी त्याने मला सांगितले, “तुझ्या घरचं सगळं सांगितलं मी साहेबांना. काळजी करू नको.” त्या रात्री मला जेवण गेले नाही.

कारण घरचे काय सांगितले असेल, ते मला समजले. माझ्या वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षीच गावकीची भाकर मागणे सोडले होते. पुढे मजुरी केली, उपास काढले, पण कुणाच्या दारात ओंजळ धरली नाही. सुट्टीत गावी गेलो. अंगणात बसून त्यांना पाठाचे सगळे सांगितले, अगदी म्हशीसकट. ते हसले नाहीत.

“साह्यबाच्या पाया पडलास का?”

“न्हाई.”

“तुझ्यासाठी कोण पडलं?”

मी अंगणातल्या मातीत काडी ओढत बसलो. ते म्हणाले, “साह्यबानं तसं पास केलं तर ती नौकरी भाकरीवानीच झाली. मागून आणल्याली.”

निकाल लागेपर्यंत मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. पास होण्याची मला भीती वाटत होती. हे वाक्य खोलीमित्राला कळणार नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परीक्षक देवमाणूस होते की नव्हते, त्यांचे मन द्रवले की नाही, यावरही मी बोलणार नाही. स्मरणिका ज्यांनी वाचली, त्यांच्यासाठी एवढेच पुरे: त्या वर्षी तो नोकरीवर रुजू झाला, आणि मी वार्षिक पाठात नापास झालो.