तिसऱ्या आकड्यानंतर

मालनताई गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. बोलणं जवळजवळ थांबलेलं. एकाएकी स्पष्ट म्हणाल्या, “एक, दोन, तीन...” मला सवयच ती, मी म्हटलं, “चार.” त्यांनी मान हलवली. “तू नको गं... तिला म्हणू दे की.” खोलीत आम्ही दोघीच होतो.

सोलापूरच्या टेलिफोन ऑफिसात, परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर आम्ही शेजारी बसायचो. पावसाळ्यात तारा ओल धरत, आवाज मंद होई आणि गिऱ्हाइकं आमच्या नावाने शंख करीत. मग मालनताई पलीकडच्या ऑपरेटरला तीनपर्यंत आकडे ऐकवायच्या, तिने चार म्हणायचं. ते ‘चार’ दबून आलं तर सांधा गंजलाय, किरकिरत आलं तर तारेला फांदी लागलीय, असं लाइनमनला सांगून मोकळ्या. अंदाज चुकला तरी बोलणी त्यालाच बसत.

भीमेकाठच्या एका गावच्या छोट्या ऑफिसात इंदू ऑपरेटर होती. रोज सकाळी मालनताईंची नि तिची लाइन तपासून व्हायची, मग गप्पा. तोंड मात्र एकमेकींचं कधी पाहिलं नाही. “येते की एकदा,” असं दोघीही म्हणायच्या. धरणाचं पाणी चढू लागलं त्या वर्षी इंदू तापाने गेली. पुढे गावही उठलं, तारा काढल्या, खांब पाण्यात राहिले. मालनताईंना ते पटेचना. “चेहराच ठाऊक नाही, तर गेली असं मानू कसं?” म्हणायच्या. त्यांना तिचं एक उत्तर हवं होतं, बस्स.

बोर्डावरचं त्या गावाचं भोक कुणी बुजवलं नव्हतं. ताई रोज सकाळी त्यात प्लग घालायच्या, तीनपर्यंत मोजायच्या आणि थांबायच्या. मी चिडून म्हटलं, “ताई, पलीकडं तारच नाही.” त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी काहीच नाही... मग अगदी खोलवरून काहीतरी. दुसऱ्या लाइनीचा आवाज मिसळला असेल, असं मी म्हणाले. पण त्या घटकेला बोर्डावर दुसरी लाइन जोडलेलीच नव्हती.

“चार म्हणाली?”

“नीट कळलं नाही, ताई.”

“म्हणजे ओल आहे अजून. सुधारेल,” म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. त्यांची फार आठवण येते. परवा सकाळी न राहवून मी त्या भोकात प्लग घातला. मी तोंड उघडायच्या आतच पलीकडून आवाज आला, स्वच्छ, जराही किरकिर नाही. “एक, दोन, तीन...” आवाज मालनताईंचा होता. मग तो थांबला.

चार माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मला नको म्हटलं होतं. हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून मी गप्प बसले, आणि त्यांच्याबरोबर वाट पाहू लागले.