सोनेरी कागदातली छडी

आमच्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात परवा आम्ही म्हाताऱ्या सरांना शाल, श्रीफळ आणि सोनेरी कागदात गुंडाळलेली छडी दिली. मग पन्नाशीतले बाप्ये हसत हसत रांगेत उभे राहिले आणि तळहात पुढे करू लागले. "सर, आम्हालाही प्रसाद द्या!" सर छडी नुसती टेकवायचे आणि बाकीचे मोबाइलवर फोटो काढायचे.

सगळ्यांत मोठ्यानं दिलीप हसत होता. वर्गात सर्वांत जास्त मार त्यानंच खाल्लेला. शाळेत सरांचा, घरी बापाचा. रांगेत त्याची पाळी आली तेव्हा तो ओरडला, "मार खाल्ला म्हणून माणूस झालो!"

माणूस? अर्ध्या तासापूर्वी पुरी गार आली म्हणून यानंच वाढप्याची कॉलर धरली होती. आणि आम्ही म्हणालो, "जाऊ दे, त्याचा स्वभावच तापट."

कसला डोंबलाचा स्वभाव! एवढ्याशा पोराला दोन्हीकडून बदडून काढायचं, आणि तेच उद्या त्याच्या हातातून बाहेर आलं की स्वभाव म्हणून मोकळं व्हायचं! मार खाल्लेला प्रत्येक जण मारत सुटत नाही, कबूल. म्हणून काय छडीची पूजा करायची?

सरांनी गमतीनं दिलीपवर छडी उंच उगारली. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

टाळ्या चालूच होत्या. आणि त्या छडीला सोनेरी कागद मीच गुंडाळला होता.