सासऱ्यांचा शनिवार, सुनेचा रविवार

बस डेपोत तिला सगळे ‘ताशी तीस’ म्हणायचे. रस्ता मोकळा असो की तुंबलेला, हिच्या बसचा काटा तिसाच्या पुढे सरकत नाही, असं सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. इस्पितळापासून बंदरापर्यंतच्या तिच्या मार्गावर थांबे इतके जवळजवळ होते, की वेग घ्यायचा म्हटलं तरी घेणार कुठे? ब्रेकवरून पाय उचलावा, तोवर पुढचा थांबा दत्त म्हणून उभा. संध्याकाळी बस जागेवर लावून ती खाली उतरायची तेव्हा डावा गुडघा सरळ व्हायला वेळ घ्यायचा. कंबर तर बसमध्येच विसरून आल्यासारखी वाटायची.

आणि हीच बाई दर रविवारी घरी बसून मोटारींच्या शर्यती बघते, हे कळल्यावर डेपोतल्या मेकॅनिकला हसू आवरेना. पण ते वेड जुनं होतं. लहानपणी तिच्या मामाचं गॅरेज होतं. त्याने तिला एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर नेलं होतं. कुंपणाच्या जाळीला नाक लावून ती दिवसभर उभी राहिली. गाड्या दिसल्या थोड्या आणि ऐकू आल्या जास्त. तो आवाज कानांत नाही, छातीत घुसला, आणि मग कधी बाहेर निघालाच नाही.

घरात टीव्ही एक आणि शौकीन दोन. दुसरे म्हणजे तिचे सासरे. ते उमेदीच्या काळात बंदरात क्रेन चालवत आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या संघातून रग्बी खेळत. तेही पहिल्या फळीत, जिथे दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी डोक्याला डोकं भिडवून एकमेकांना रेटतात. त्या रेटारेटीत त्यांचे कान चुरगळून फुलकोबीसारखे झाले होते. पाहुणे कानांकडे बघायचे टाळत, तेव्हा तेच म्हणत, “बघा हो, बघायला पैसे पडत नाहीत.”

सून आणि सासरा एकाच घरात का राहत होते, हे कुणी विचारलं तर दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. तिच्या नवऱ्याने दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडला होता. घटस्फोट रीतसर झाला होता. नवरा आपलं सामान न्यायला आला तेव्हा बापालाही म्हणाला, की चला. ते खुर्चीतून उठलेच नाहीत. आज शनिवार आहे, मॅच आहे, एवढंच म्हणाले. सामान गेलं, मॅच संपली, आणि त्यानंतर हा विषय कुणी काढलाच नाही. शनिवार त्यांचा आणि रविवार तिचा, अशी वाटणी तेवढी ठरून गेली.

मग सासऱ्यांच्या, तिच्या बाबांच्या, डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. समोरचं पुसट झालं आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. टीव्ही बघायचा असला की ते स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसत, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात खेळाडूंच्या रंगीत हालचाली तरी पकडता येत. तेव्हापासून शनिवारची मॅच तीच त्यांना सांगू लागली. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढे धावायचं आणि चेंडू मात्र मागेच द्यायचा, हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला चेष्टाच वाटली होती.

“लाल शर्टवाला जाड्या पळतोय. पडला. त्याच्यावर दुसरा पडला. आता सगळेच पडले.”

“चेंडू कुणाकडे आहे, ड्रायव्हरबाई?”

“खाली कुणीतरी गिळला असेल.”

असं चालायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सकाळी त्यांच्या गोळ्या, डोळ्यांत थेंब, डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी, मग दिवसभर स्टिअरिंग, मग परत येताना भाजी, पुन्हा थेंब. यात वाईट असं काही नव्हतं. फक्त यातून सुट्टी नव्हती.

त्या शुक्रवारी ती घरी येऊन बूट काढत होती, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. शाळेत संगीत शिकवायची आणि स्वभावाने सरळ होती. ती म्हणाली, की आमची खालच्या मजल्यावरची खोली रंगवून झाली आहे, बाबांना काही दिवस घेऊन जावं म्हणतेय, रविवारी गाडी घेऊन येते. ‘काही दिवस’ म्हणताना तिचा आवाज थोडा अडखळला. ही बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर एक बूट पायात आणि एक हातात असा बराच वेळ तशीच बसून राहिली. बाबांनी कोण होतं ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी नवीनच काढलं. आज टीव्ही नको, मैदानावर जाऊ म्हणाले. बंदराच्या संघाचा सामना होता, जवळच होता. तिच्या अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं. आठवडाभर याच दुपारची वाट बघितली होती, सोफ्यावर पाय पसरून अर्धवट डोळे मिटून मॅच सांगायची. पण ते कधी काही मागत नसत, म्हणून नाही म्हणवेना. एक हात कठड्यावर आणि एक तिच्या खांद्यावर ठेवून ते एकेक पायरी उतरले.

मैदान म्हणजे फार काही नव्हतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला गोदामांची भिंत, मधे चिखल आणि त्यात थोडं गवत. पण बाबा तिथे पोचले आणि त्यांची मान ताठ झाली. स्क्रमला, म्हणजे त्या डोकी भिडवून रेटायच्या डावाला, दोन्ही संघ भिडल्याचा धप्प आवाज आला, की ते स्वतःचे खांदे पुढे काढत. ती आपली सांगत होती, जसं घरी सांगायची तसंच.

“आता ते खेकड्यासारखे एकमेकांत अडकलेत. रेफ्री खाली वाकून बघतोय, काहीतरी हरवल्यासारखा. हां, निघाला चेंडू. आपला तो टकलू घेऊन पळतोय. अरे, पळ की. आला थांबा, उतरवलं त्याला.”

मागच्या पायरीवर कुणीतरी खुदकन हसलं. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की आजूबाजूचे लोक गप्प बसून तिचंच ऐकताहेत. ती संकोचून थांबली, तर मागचा एक गृहस्थ म्हणाला, थांबू नका हो, आम्हाला इतका सामना कधीच कळला नव्हता. बाबांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. बंदराचा संघ हरला, तरी बाबा खूश होते. तिचा घसा मात्र बसला.

परत आल्यावर जिना चढताना त्यांना दम लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, जरा थांबू. तीही शेजारी टेकली. खालच्या कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“तिला मीच बोलावलंय,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“तुझ्या नणंदेला. ती आपणहून येत नाहीये. तू कामावर होतीस तेव्हा मी फोन केला होता. आणि काही दिवस वगैरे काही नाही. मी आता तिकडेच राहीन.”

तिने अगदी हळू आवाजात विचारलं, “माझं काही चुकलं का, बाबा?”

“चुकलं असतं तर बरं होतं. भांडून तरी गेलो असतो.” ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे तिच्याकडेच बघत होते. “परवा तू नळापाशी उभ्याउभ्या झोपलीस. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. पाणी वाहतच होतं. मी हाक मारली, तर काय म्हणालीस माहितीये? पुढचा थांबा बंदर.”

तिला हसू आलं. हसता हसता ते हसू कुठेतरी अडकलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. मन भरून यायला हवं होतं, आणि ते आलंही. पण त्याच्या आधी, क्षणभर आधी, तिला हायसं वाटलं होतं. पाठीवरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं. ते वाटलं याचीच तिला इतकी लाज वाटली, की ती पदराने चेहरा पुसत राहिली आणि त्यांचा हात धरायचंही विसरली. शेवटी तेच म्हणाले, “चल, चढवतेस ना? की इथेच मुक्काम?”

रविवारी नणंद आली तेव्हा दुपार व्हायची होती. बाबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. कपडे, थेंबांच्या बाटल्या, दाढीचं सामान. बॅग इतकी लहान होती, की नणंदेने आणखी कुठे काही आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पण बाबा उठायला तयार नव्हते. आज रविवार आहे, तुझ्या वहिनीची शर्यत झाल्याशिवाय मी हलत नाही, असं त्यांनी लेकीला बजावलं. नणंद बिचारी चपला काढून बसली.

शर्यत सुरू झाली. तिची आवडती गाडी पिवळी होती. चालवणारा वयाने बराच मोठा आणि नशिबाने बेताचा, गाड्यांच्या घोळक्यात कुठेतरी मधे असायचा. पुढचे घाईने वळण घेऊन टायर झिजवतात आणि हा मात्र टायर कसे जपतो, हे ती एरवी बाबांना तासभर समजावून सांगायची. त्या दिवशीही सुरुवात केली. तो आता ब्रेक उशिरा लावील बघा, म्हणाली. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिची मान कलली.

पुढचं सगळं तिला नंतर नणंदेने सांगितलं. ती झोपली हे बाबांना तिच्या श्वासावरून कळलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला लावला आणि लेकीला म्हणाले, आता तू सांग. नणंदेने आयुष्यात शर्यत पाहिली नव्हती. ती हळू आवाजात सांगत राहिली, की निळी गेली, मग आणखी एक निळी गेली, मग लाल गेली, आता परत पहिलीच निळी आली वाटतं. बाबांनी विचारलं, पिवळी कुठे आहे? नणंद म्हणाली, ती रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि माणूस हेल्मेट काढून गवतात बसलाय. हे ऐकून बाबा म्हणाले, हिला उठवू नकोस.

तिला जाग आली तेव्हा पडद्यावर बक्षीस समारंभ चालला होता आणि तिच्या अंगावर चादर होती.

“कोण जिंकलं?”

“निळी,” नणंद म्हणाली. “कुठली निळी, ते मात्र विचारू नका, वहिनी.”

तिने पिवळीबद्दल विचारलं नाही. पिवळ्या गाडीचं काय झालं असेल हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. मग तिघांनी चहा घेतला. जिना उतरताना यावेळी बाबांच्या एका बाजूला सून होती आणि दुसऱ्या बाजूला लेक. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून तिला सांगितलं, की गुडघ्याला तेल लावत जा आणि नळ बंद करत जा. मग गाडी निघाली. वळणावर नणंदेने जरा जास्तच सावकाश गाडी वळवली, आणि हिच्या पायाने आपोआप जमिनीवरच क्लच दाबला.

तिला वाटलं होतं, आता आराम पडेल. पुढचा शनिवार तिने झोपून काढला आणि उठली तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ, ते पटकन कळेना. गोळ्या नाहीत, थेंब नाहीत, तरी अंगातला शीण होता तिथेच होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिला दमवत होते ते बाबा नव्हतेच. मग तिने डेपोच्या साहेबांकडे जाऊन मार्ग बदलून मागितला. साहेबांनी पाहू म्हटलं, आणि ते बरेच दिवस पाहतच राहिले.

मार्ग बदलायच्या आधीच एका सुट्टीच्या दिवशी ती न कळवता बाबांना भेटायला निघाली. बसमधून उतरून नणंदेच्या रस्त्याला लागली, तर समोरून तेच येत होते. एकटे. एक हात कंपाउंडच्या भिंतीवर, दुसऱ्या हातात काठी, चेहरा रस्त्याकडे वळवलेला, म्हणजे डोळ्याच्या कडेने भिंत दिसत असावी. तिच्या घरी असताना ते एकटे कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. तो जिना एकटे उतरणार तरी कसे?

तिने हाक मारली नाही. समोरच्या फुटपाथवर थांबून ती बघत राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ते थांबले, दुकानदाराशी काहीतरी बोलले, दोघे हसले. मग भिंतीवर हात ठेवून, एका जागी फरशी उखडली होती तिथे पाऊल जपून टाकत, ते परत फिरले. फाटक चाचपलं, उघडलं, आत गेले. ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून तिने बेल वाजवली.