जन्माआधीच नोकरीला लागलेली पिल्लं

शिट्टीमामांनी उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे चोळत बसतात. मामांनी कुत्री पाळली, आणि तीही साधीसुधी नव्हेत. आंधळ्या माणसांना रस्त्याने नेणारी!

त्याचं असं झालं. त्यांच्या बसने एक अंध रेडिओ-दुरुस्तीवाले जायचे. एके दिवशी ते सोबत कुत्री घेऊन आले. उतरल्यावर तिने त्यांना उघड्या गटाराला वळसा घालून बरोबर फुटपाथवर नेलं. मामा बघतच राहिले. शिट्टी मारायचंही भान राहिलं नाही. ड्रायव्हरने आरडाओरडा केला तेव्हा कुठे गाडी हलली. त्याच आठवड्यात मामांनी त्या कुत्र्यांच्या संस्थेचा पत्ता शोधून काढला.

संस्थेने पुढे त्यांच्याकडे मनुका दिली. तपकिरी रंगाची, शांत स्वभावाची कुत्री. फटाका वाजला तरी कान हलवणार नाही. तिची पिल्लं मामांच्या घरी जन्मायची, तिथेच वाढायची, आणि मोठी झाली की संस्थेत परीक्षेला जायची. पास झाली तर पुढचं शिक्षण, नापास झाली तर एखाद्या चांगल्या घरी आयतं खाणं.

घरात मामांची थोरली बहीण होती. शिवणकाम करायची. "माझं घर आहे की कोंडवाडा?" असं दिवसातून दहादा म्हणायची आणि उरलेल्या कापडातून पिल्लांना हिरवी जाकिटं शिवायची. ही जाकिटं घालून पिल्लांना माणसांत न्यायचं, गर्दीची सवय लावायची, हे मामांचं काम.

मनुकेच्या दुसऱ्या वेतातला ढब्बू आणि त्याची बहीण टिकली यांना घेऊन मामा एका सकाळी मंडईत गेले. टोमॅटोच्या ढिगाशी त्यांना एका मुलीने अडवलं. ही त्यांच्या समोरच्या इमारतीतली, औषधांच्या दुकानात काम करणारी. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची, त्यांच्या जखमा बांधायची.

"काका, एक विचारू? इथे गल्लोगल्ली पिल्लं बेवारस मरतायत, आणि तुम्ही मुद्दाम नवीन जन्माला घालताय?"

"अगं, ही कामाची आहेत," मामा कौतुकाने म्हणाले. "मोठी झाली की आंधळ्यांना वाट दाखवणार."

"म्हणजे जन्माच्या आधीच नोकरी लावली!"

भाजीवाल्या खो खो हसल्या. एरवी मामांच्या जिभेला कोण हरवणार? पण त्या दिवशी त्यांनी टोमॅटो न घेताच पिशवी गुंडाळली. एवढंसं तोंड करून ते घरी आले.

प्रकरण तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कोणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपून सगळ्यांना पाठवलं होतं. दोन दिवसांत मामांच्या फाटकावर खडूने 'कुत्र्यांचा कारखाना' असं लिहिलेलं दिसलं. न्हावी आतापर्यंत पिल्लांना दुकानात बसू द्यायचा, तोही मान खाजवत म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक कुरकुर करतं हो." मामांचं जेवणावरचं मन उडालं. बहिणीने दोन वेळा ताट परत नेलं आणि तिसऱ्या वेळी तिचा पारा चढला.

"कुढत काय बसलायस? बोलाव त्या पोरीला घरी! लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे?"

मुलगी आली. हाताची घडी घालूनच आली. ढब्बूने तिच्या बुटाची नाडी सोडली, टिकली तिच्या ओढणीला लोंबकळली, तरी ती हसली नाही. घर बघितलं, अंगण बघितलं. स्वच्छता बघून तिची घडी जराशी सैल झाली. मग तिने विचारलं, "यांची आई कुठेय?"

मनुका शिलाई मशिनखाली पडून होती. मुलगी जमिनीवर बसली आणि तिच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली, "हिची अजून किती बाळंतपणं करायचीत?"

"दोन झाली. संस्थेला आणखी एक वेत हवंय. हिची पिल्लं फार गुणी निघतात ना!"

"आणि हिला काय हवंय?"

मामांनी वाकून मनुकेकडे पाहिलं. तपासणीला न्यायला संस्थेची जीप आली की हल्ली मनुका उठून मशिनखाली जाते, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. 'दमली असेल, झोपू दे,' असं मनाशी म्हणून ते पुढच्या कामाला लागले होते. मुलगी गेल्यावर ते मशिनपाशी बसून राहिले. बहिणीने त्या दिवशी शिवण बंद ठेवली.

सकाळी मामांनी संस्थेच्या बाईंना फोन करून सांगितलं, "मनुका आता आई होणार नाही."

बाई स्वतः आल्या. रागावल्या नाहीत, हेच अवघड होतं. म्हणाल्या, "मामा, डॉक्टर म्हणतात तिची तब्येत ठणठणीत आहे. आमच्याकडे एक टेलिफोन ऑपरेटर मुलगी आहे. रोज भावाचा हात धरून कामावर जाते. तिच्यासारखे कितीतरी ताटकळलेत. त्यांना काय सांगू?"

"माझ्याकडून माफी मागा," मामा म्हणाले. "पण हिचं झालं. आता ही आमच्या घरची."

बाईंनी मनुकेकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि चहा मागितला. म्हणजे मान्य झालं.

मामा तेवढ्यावर थांबते तर ते मामा कसले! ते तडक औषधांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "तुझं एक म्हणणं मी ऐकलं. आता माझं ऐक. गल्लीतलं तुला सगळ्यात हुशार वाटतं ते पिल्लू आण. माझ्या दोघांबरोबर वाढवतो. शिकलं तर मी कान पकडतो."

मुलीने काळं कुळकुळीत पिल्लू आणून दिलं. बहिणीने त्याचं नाव काजळ्या ठेवलं आणि तिसरं जाकीट बेतायला घेतलं. काजळ्या हुशार होता यात शंकाच नाही. दाराची कडी काढायला तो आठवड्यात शिकला. दूधवाला, पोस्टमन, न्हावी सगळ्यांना त्याने खिशात घातलं. मुलगी रोज कामावरून सुटली की तिघांना फिरायला न्यायची, आणि फाटकापासून चौकापर्यंत मामांशी वाद घालायची. लोकांना आता त्या वादाचीच गंमत वाटायला लागली. फाटकावरचा खडू कधी पुसला गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. संस्थेच्या मैदानावर खोटा रस्ता, खोटा सिग्नल आणि एक खरीखुरी जुनी बस उभी केली होती. काजळ्या ऐटीत निघाला, निम्म्या वाटेत मांजर दिसलं आणि तो परीक्षकांना फरफटत कुंपणापर्यंत घेऊन गेला. परीक्षकांची टोपी मागे राहिली. मुलीने डोळे मिटून घेतले.

"असू दे," मामा उदारपणे म्हणाले. "रक्तातच नाही त्याच्या. आता आमची टिकली बघ."

टिकली डौलात चालली, सिग्नलला थांबली, आणि बसचं इंजिन सुरू होताच मट्कन खाली बसली. कंडक्टरच्या घरात वाढलेली कुत्री बसला घाबरली! मामांनी हाका मारल्या, विनवण्या केल्या. ती हलली नाही. मुलगी पोट धरून हसत होती. "काका, रक्तात आहे ना हो हिच्या?"

ढब्बू मात्र शांतपणे चढला, उतरला, मांजराकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. तो पास झाला. संस्थेत त्याचं पुढचं शिक्षण पार पडल्यावर बाईंनी मामांना आणि मुलीला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर टेलिफोन ऑपरेटर मुलीने ढब्बूचा पट्टा हातात घेतला. "चल," ती हळूच म्हणाली. दोघं फाटकाबाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि दिसेनासे झाले. तिचा भाऊ हात मोकळे सोडून तिथेच उभा होता. या हातांचं आता काय करावं, हे त्याला कळत नव्हतं.

औषधांच्या दुकानातली मुलगी ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "तरी माझं म्हणणं तेच आहे हं, काका."

"माझंही," मामा नाक शिंकरत म्हणाले.

टिकलीला न्हाव्याने मागून नेलं. काजळ्याला संस्थेच्या बाईंनी दुसऱ्या एका चांगल्या घरासाठी मागितलं, पण बहिणीने साफ नकार दिला. "त्याला बाहेर पाठवून मला कोणाचं भलं करायचं नाहीये," असं म्हणून तिने त्याला आणि मनुकेला एक मोठी गादी शिवून दिली. आता त्या गादीवर काजळ्या ऐसपैस पसरतो, आणि मनुका त्याला पायाने ढकलून आपली अर्धी जागा वसूल करते.